कुठलं लिनक्स टाकू?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा थांबवला. घरगुती वापरणाऱ्यांना सुरक्षेचे अपडेट आणखी वर्षभर घेण्याची सवलत मिळाली, पण ती मुदतवाढच. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आणि ढोबळ मानानं इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे २०१७ च्या आधी घेतलेले बहुतेक लॅपटॉप पडदा शाबूत, कीबोर्ड शाबूत असूनही अधिकृतरीत्या बाद झाले. दुकानदार म्हणतो, नवा घ्या. घरातलं कॉलेजात जाणारं कार्टं म्हणतं, "बाबा, थांबा, मी लिनक्स टाकून देतो." आणि मग बाबांना नाही, त्या कार्ट्यालाच प्रश्न पडतो: कुठलं?

याचं एक तयार उत्तर सगळीकडे फिरत असतं. नवशिक्यानं लिनक्स मिंट घ्यावं, जरा हात बसला की फेडोरा, मुरल्यावर आर्च आणि संसारातून मन उठल्यावर जेंटू. अनुभवाची ही शिडी लिनक्सवाल्यांच्या डोक्यात इतकी पक्की बसली आहे, की खालच्या पायरीवर दोन-तीन वर्षं निवांत बसलेल्या माणसाला उगाचच ओशाळवाणं वाटतं.

शिडीत एक अडचण आहे. ज्यानं लिनक्सचा गाभा लिहिला, तो लिनस टोरवाल्ड्स स्वतःच्या कामाच्या संगणकावर वर्षानुवर्षं फेडोरा वापरत आला आहे. सिस्टिम बसवण्यात आणि सजवण्यात त्याला वेळ घालवायचा नसतो. ती मुकाट्यानं चालावी आणि आपल्याला त्या गाभ्याचं काम करता यावं, एवढीच त्याची अपेक्षा. शिडीच्या हिशेबानं जगातला सगळ्यांत जाणता लिनक्सवाला मधल्याच पायरीवर मुक्कामाला आहे.

तेव्हा 'मला किती येतं?' या प्रश्नापेक्षा दुसरे दोन प्रश्न अधिक उपयोगी पडतात. मशीन बिघडलं तर दुरुस्त कोण करणार? आणि ते दुरुस्त होईपर्यंत किती वेळ बंद राहिलेलं चालेल? यांची उत्तरं प्रामाणिकपणे दिली, तर नाव बहुतेक वेळा आपोआप समोर येतं.

एक गाभा, शेकडो जुळण्या

२५ ऑगस्ट १९९१ ला हेलसिंकी विद्यापीठातल्या २१ वर्षांच्या टोरवाल्ड्सनं जाहीर केलं, की आपण हौसेखातर एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहितो आहोत. त्याच्या हातात होता तो फक्त कर्नेल, म्हणजे प्रोसेसर, मेमरी, डिस्क यांची वाटणी सांभाळणारा गाभा. त्याभोवतीची बरीचशी अवजारं आली ती रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या जीएनयू प्रकल्पातून. हे दोन्ही जुळवून चालतं मशीन उभं करणं म्हणजे आठवड्याचं काम. मग कुणी कुणी ही जुळवणी स्वतः करून, पारखून, तयार द्यायला लागलं. कर्नेल, अवजारं, पडद्यावरच्या खिडक्या, ब्राउझर आणि सॉफ्टवेअर बसवण्या-काढण्याची यंत्रणा अशा सगळ्या संचाला डिस्ट्रिब्यूशन म्हणतात, बोलण्यात डिस्ट्रो. जुलै १९९३ मध्ये पॅट्रिक वोल्कर्डिंगचं स्लॅकवेअर आलं, पुढच्याच महिन्यात इयन मर्डॉकनं डेबियन जाहीर केलं. तीस वर्षं उलटली, दोन्ही चालू आहेत.

आपल्याकडे सुरुवातीला निवड करण्याचा प्रश्नच नव्हता. डायल-अप जोडणीवर अख्खी सीडी उतरवून घ्यायची म्हणजे फोनच्या बिलाला निमंत्रण. पीसीक्वेस्ट मासिकासोबत जी सीडी येई, ते आपलं लिनक्स. २००४ मध्ये उबुंटू आलं आणि त्याच्या सीडी पोस्टानं फुकट घरपोच मिळू लागल्या. ही सेवा २०११ मध्ये बंद झाली. आज भारतात लिनक्सवर काम करणाऱ्या एका अख्ख्या पिढीची पहिली डिस्ट्रो तिच्या गुणांवरून ठरलेली नाही. पोस्टमन आणि पेपरवाला यांनी ती ठरवली.

आता चार-सहा जीबीची फाइल चहा होईपर्यंत उतरते आणि नावं तर शेकड्यांनी आहेत. डिस्ट्रोवॉच या संकेतस्थळावर लोकप्रियतेची म्हणून एक यादी असते. पुष्कळ लोक तिच्यातला पहिला क्रमांक पाहून निवड करतात. ती यादी मोजते एवढंच, की त्या स्थळावरचं कुठल्या डिस्ट्रोचं पान किती वेळा उघडलं गेलं. किती मशीनवर ती चालते, हे त्यातून कळत नाही.

दुसरी गफलत दिसण्यावरून होते. यूट्यूबवर कुणाचा तरी झकपक डेस्कटॉप पाहिला आणि त्याची डिस्ट्रो टाकली. पण ग्नोम, केडीई, सिनॅमन, एक्सएफसीई हे डेस्कटॉप जवळपास कुठल्याही डिस्ट्रोवर बसवता येतात. दोन डिस्ट्रोंमधला खरा फरक तीन गोष्टींत असतो: सॉफ्टवेअर कुठल्या भांडारातून येतं, ते किती नवं असतं आणि बदल करायचा निर्णय कोण घेतं.

भांडारांच्या हिशेबानं पाहिलं, तर ही गर्दी चार-पाच कुळांत आटोपते. डेबियनच्या पोटातून उबुंटू आलं, उबुंटूवर २००६ मध्ये क्लेमाँ लफेव्हर यांनी मिंट उभं केलं. तिघांतही 'एपीटी' हीच आज्ञा चालते. दुसरं कूळ रेड हॅटचं: फेडोरा, रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स, आल्मा, रॉकी. तिसरं आर्चचं, २००२ मधलं. जर्मनीतलं सुसे आणि सगळ्यांचं वडीलधारं स्लॅकवेअर यांची आपापली वेगळी घरं. एका कुळात शिकलेलं त्या कुळातल्या दुसऱ्या घरी वाया जात नाही. मिंटवर हात बसलेल्या माणसाला डेबियनचा सर्व्हर परका वाटत नाही.

नवं की मुरलेलं

'सगळ्यांत नवीन तेच चांगलं' हा मोबाइलनं लावलेला संस्कार. लिनक्समध्ये या मुद्द्यावर सरळ दोन तट आहेत.

डेबियनची स्थिर आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते. ती येण्याआधी काही महिने नवं सॉफ्टवेअर आत घेणं थांबवतात, चुका वेचून काढतात आणि एकदा आवृत्ती बाहेर पडली, की तिच्यात मुख्यतः सुरक्षेच्या आणि गंभीर चुकांच्या दुरुस्त्याच येतात. ९ ऑगस्ट २०२५ ला आलेल्या तेराव्या आवृत्तीत सुमारे ७० हजार पॅकेजं आहेत. आवृत्त्यांना नावं 'टॉय स्टोरी' या चित्रपटातल्या पात्रांची, कारण सुरुवातीच्या काळात प्रकल्पाचं नेतृत्व करणारे ब्रूस पेरेन्स पिक्सारमध्ये नोकरीला होते. तेराव्या आवृत्तीचं नाव ट्रिक्सी. आणि जिथे रोज नवं सॉफ्टवेअर येऊन आदळतं, त्या अस्थिर शाखेचं नाव कायम सिड. चित्रपटात शेजारचा खेळणी मोडणारा पोरगा तो.

आर्च किंवा ओपनसुसेचं टंबलवीड यांना आवृत्तीच नसते. त्यांना रोलिंग म्हणतात: सॉफ्टवेअर तयार झालं, चाचणी झाली, की काही दिवसांत तुमच्या मशीनवर.

या दोन पद्धतींतला फरक २०२४ च्या मार्चअखेर जगाला दिसला. अँड्रेस फ्रॉइंड हा मायक्रोसॉफ्टमध्ये काम करणारा, पोस्टग्रेस या डेटाबेसचा एक विकासक. त्याच्या डेबियन सिडवर दुरून लॉगिन करायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय, असं त्याच्या लक्षात आलं. दुसरा कुणी असता, तर 'नेट स्लो असेल' म्हणून पुढे गेला असता. यानं माग काढला आणि तो पोचला 'एक्सझेड' या फाइली दाबून लहान करणाऱ्या साध्या अवजारापर्यंत. टोपणनावानं वावरणाऱ्या एका सहविकासकानं दोनेक वर्षं इमानेइतबारे काम करून विश्वास कमावला होता आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला होता. तो सर्वदूर पोचला असता, तर जगातल्या असंख्य सर्व्हरांत परक्या माणसाला शिरता आलं असतं.

२९ मार्चला ही गोष्ट जाहीर झाली, तेव्हा त्या आवृत्त्या डेबियनच्या अस्थिर आणि चाचणी शाखांत, फेडोराच्या विकास-शाखेत, टंबलवीडमध्ये आणि आर्चमध्ये दाखल झालेल्या होत्या. डेबियनची स्थिर आवृत्ती, उबुंटूच्या प्रसिद्ध झालेल्या आवृत्त्या आणि रेड हॅट एंटरप्राइज यांना धक्काही लागला नाही, कारण त्या अजून जुनंच एक्सझेड वापरत होत्या. उबुंटूनं २४.०४ ची बीटा आवृत्ती आठवडाभर पुढे ढकलली आणि पॅकेजं नव्यानं बांधून घेतली.

यातून 'जुनं ते सोनं' असा निष्कर्ष काढणं सोपं आहे, पण तो अपुरा आहे. चोरदरवाजा सापडला तो सिड वापरणाऱ्या माणसालाच. कुणीतरी नव्याच्या तोंडावर उभं राहतं, म्हणून मागच्यांना मुरलेलं मिळतं. तिथे उभं राहायचं असेल, तर अर्ध्या सेकंदाचा माग काढायची हौस आणि कुवत हवी. आपल्या आईच्या लॅपटॉपवर ही जबाबदारी टाकण्यात अर्थ नाही.

पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी

'नवशिका' या एका शब्दाखाली दोन अगदी वेगळी माणसं येतात.

पहिली म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले काका. त्यांना ब्राउझर, ई-मेल, नातवाशी व्हिडिओ कॉल, विजेचं बिल आणि सोसायटीच्या पत्रव्यवहारापुरता वर्ड एवढंच लागतं. त्यांना लिनक्स जड जात नाही. मिंटमध्ये मेनू डाव्या कोपऱ्यात खाली, घड्याळ उजव्या कोपऱ्यात. ब्राउझर तोच फायरफॉक्स किंवा क्रोम. वर्डच्या जागी लिबरऑफिस रायटर आठवडाभरात अंगवळणी पडतो.

दुसरा नवशिका जास्त धोक्याचा. त्याला विंडोज चांगलं येतं. सोसायटीतल्या सगळ्यांना त्यानं फॉरमॅट मारून दिलेलं असतं. संकेतस्थळावरून फाइल उतरवायची, डबल-क्लिक करायचं, 'नेक्स्ट-नेक्स्ट' करायचं, ही सवय तो सोबत आणतो. लिनक्समध्ये सॉफ्टवेअर भांडारातून घ्यायचं असतं आणि मशीननं दिलेला इशारा वाचायचा असतो.

नोव्हेंबर २०२१ मध्ये हे जगानं पाहिलं. कॅनडातला प्रसिद्ध यूट्यूबर लिनस सेबॅस्टियन, ज्याचा व्यवसायच संगणक उलगडून दाखवणं, त्यानं नवशिक्यांना सर्रास सुचवली जाणारी पॉप ओएस ही डिस्ट्रो घेतली आणि खेळांसाठीचं स्टीम बसवायला गेला. त्या दिवसांत तिथल्या पॅकेजांत एक चूक राहिली होती. खिडकीतून स्टीम बसेना, म्हणून त्यानं टर्मिनलमध्ये आज्ञा दिली. मशीननं बजावलं, की असं केलं तर अत्यावश्यक पॅकेजं निघून जातील, आणि पुढे जायचं असेल तर 'होय, मी सांगतो तसं कर' या अर्थाचं अख्खं वाक्य टाइप करायला सांगितलं. त्यानं केलं. डेस्कटॉपच निघून गेला, उरला काळा पडदा. पॉपवाल्यांनी चूक लगेच सुधारली होती. एपीटीमध्येही पुढे असे घातक बदल इतक्या सहज होऊ नयेत म्हणून बंदोबस्त झाला. पण दोन गोष्टी उघड झाल्या. 'नवशिक्यांसाठी' असं लेबल लागल्यानं डिस्ट्रो अभेद्य होत नाही. आणि विंडोजचा पंधरा वर्षांचा अनुभव हा लिनक्सचा अनुभव नव्हे.

या दोन्ही नवशिक्यांना मी मिंटच सांगेन. मिंट २२ उबुंटू २४.०४ वर उभं आहे आणि त्याला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. तोवर आवृत्ती बदलण्याची सक्ती नाही. टाइमशिफ्ट नावाची सोय त्यात आधीपासून असते. तिच्यामुळे अपडेटनं काही बिघडलंच, तर सिस्टिम कालच्या स्थितीत परत नेता येते. मात्र ती सिस्टिमची राखण करते. फोटो आणि कागदपत्रांचा बॅकअप वेगळा घ्यावा लागतो. चार जीबी रॅमवर मिंट ठीक चालतं. त्याहून कमी असेल, तर त्याचीच एक्सएफसीई आवृत्ती घ्यावी. फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, तर जुन्या लॅपटॉपला जो फरक पडतो, तो कुठलीही 'हलकी' डिस्ट्रो टाकून पडत नाही.

उबुंटूही चालेल, पण एलटीएस म्हणजे दीर्घ पाठिंब्याचीच आवृत्ती घ्यावी. ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते आणि पाच वर्षं सांभाळली जाते. मधल्या आवृत्त्या नऊ महिन्यांच्या पाहुण्या. काकांच्या मशीनवर त्या टाकल्या, की वर्षातून दोनदा भाच्याला फोन ठरलेला.

आणि जिथे भाचाही नाही? दूरच्या गावी राहणारे आईवडील, वाचनालयातला सार्वजनिक संगणक. अशा ठिकाणी फेडोरा सिल्व्हरब्लूसारखा नवा प्रकार विचारात घ्यावा. त्यात सिस्टिमचा मूळ भाग बंदिस्त असतो. चालवताना तो कुणाला सहज बदलता येत नाही. अपडेट आलं की सिस्टिमची नवी प्रत तयार होते आणि ती बिघडली तर मशीन सुरू करताना आधीची निवडता येते. गंमत अशी, की हा प्रकार शिडीवर कुठेच बसत नाही. आतून तो भलताच आधुनिक, आणि फायदा सगळ्यांत जास्त त्याला, ज्याला लिनक्स शिकायचंच नाही.

शिकायला आणि पोटाला

संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याची गोष्ट वेगळी. त्याचं मशीन बिघडलं, तर तोच दुरुस्त करणार आणि बिघडणं हाच त्याच्या अभ्यासाचा भाग. फेडोरा त्याच्यासाठी चांगलं: दर सहा महिन्यांनी आवृत्ती, प्रत्येकीला साधारण तेरा महिने अपडेट, भाषा-कंपायलर ताजे, आणि जे आज फेडोरात दिसतं त्यातलं बरंच पुढे रेड हॅटच्या व्यावसायिक आवृत्तीत उतरतं. डेबियनही उत्तम, विशेषतः सर्व्हर शिकायचा असेल तर. शिकण्यासाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लिनक्सवरचे लहान लहान धडे मराठीतून ऐकता येतात. इंग्रजीला बिचकणाऱ्या पहिल्या वर्षाच्या पोरापोरींसाठी यापेक्षा सोपी वाट नाही.

महाराष्ट्रात या विद्यार्थ्याला सुरुवात शून्यातून करावी लागते, त्याला कारण आहे. इथली संगणक-साक्षरता म्हणजे एमएस-सीआयटी, आणि ती विंडोज व एमएस ऑफिसवर शिकवली जाते. केरळमध्ये सरकारी शाळांतली मुलं 'काइट' या सरकारी संस्थेनं उबुंटूवर बेतलेलं लिनक्स वापरतात. तिथल्या दहावीच्या मुलीला लिनक्स 'प्रगत' वाटत नाही, कारण तिनं संगणक म्हणून तेच पाहिलेलं असतं. पण केरळचं यश डिस्ट्रो निवडण्यात नाही. शाळांसाठी सिस्टिम तयार करणारी, शिक्षकांना प्रशिक्षण देणारी यंत्रणा तिथे टिकून राहिली. दुरुस्त कोण करणार याचं उत्तर सरकारनं दिलं.

नोकरीत हाच प्रश्न करारात लिहिला जातो. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्सचे पैसे कंपन्या मोजतात ते फाइलींसाठी नव्हे. दहा वर्षांचा पाठिंबा आणि रात्री दोन वाजता फोन उचलणारा माणूस यांसाठी. त्या उचलणाऱ्यांतले काही मगरपट्ट्यातही बसतात. रेड हॅटचं पुण्यातलं कार्यालय मोठं आहे. ज्यांना पैसे नको होते, ते तेच सॉफ्टवेअर सेंटओएस या नावानं फुकट वापरत. डिसेंबर २०२० मध्ये रेड हॅटनं जाहीर केलं, की सेंटओएस ८ वर्षभरातच, ३१ डिसेंबर २०२१ ला थांबेल. २०२९ पर्यंतची निश्चिंती धरून ज्यांनी सर्व्हर उभे केले होते, त्यांची धावपळ झाली. त्या पोकळीतून आल्मा आणि रॉकी उभी राहिली. त्या धावपळीनंतर डिस्ट्रो निवडताना तिचा मालक कोण, पैसा कुठून येतो आणि उद्या त्यानं मन बदललं तर काय, हेही विचारलं जाऊ लागलं. डेबियनच्या पारड्यात इथे वजन पडतं: त्याला मालक नाही, स्वयंसेवक आहेत आणि १९९७ पासून लिखित सामाजिक करार आहे.

नोकरीच्या तयारीसाठी रेड हॅटचंच प्रमाणपत्र हवं असेल, तर रेड हॅटची विकासकांसाठीची वैयक्तिक सदस्यता मोफत असते; तीत सोळा मशीनपर्यंत खरीखुरी व्यावसायिक आवृत्ती वापरता येते. नाहीतर आल्मा किंवा रॉकी.

हौसेला मोल नाही

आता आर्च. ते अवघड आहे ही ख्याती थोडी जुनी झाली. २०२१ पासून त्यात प्रश्न विचारत सिस्टिम बसवून देणारी स्क्रिप्ट आहे. बसवणं हा एका संध्याकाळचा खेळ, सांभाळणं ही वर्षाची सवय. अपडेट मारण्याआधी सूचना वाचायच्या, महिनाभर मशीन बंद ठेवलं तर एकदम शेकडो पॅकेजं बदलणार हे धरून चालायचं. त्याच्या वापरकर्त्यांच्या भांडारात, एयूआरमध्ये, कुणीही पॅकेज टाकू शकतं. जुलै २०२५ मध्ये त्यात ब्राउझरच्या नावाखाली हेरगिरीचा माल घुसवलेला सापडला होता. तिथून घेताना बांधणीची फाइल वाचता आली पाहिजे. जो हे आनंदानं करतो, त्यानं आर्च जरूर घ्यावं. आणि जो कधीच घेणार नाही, त्यानंही आर्चचा विकी हाताशी ठेवावा. ब्लूटूथपासून बॅटरीपर्यंत कुठलीही कटकट असो, तिथली माहिती मिंटवाल्यालाही बहुतेक वेळा कामी येते.

जेंटूत सॉफ्टवेअर आपल्याच मशीनवर मूळ कोडपासून बांधायचं. २०२३ च्या अखेरीपासून तयार बांधणीही मिळते, पण हौशींची मजा पहिल्यातच. निक्सओएसमध्ये अख्खी सिस्टिम एका फाइलीत वर्णन करून ठेवायची. दुसऱ्या मशीनवर तीच फाइल दिली, की तीच सिस्टिम उभी. लिनक्स फ्रॉम स्क्रॅच ही डिस्ट्रो नाहीच, तो १९९९ पासून चालत आलेला ग्रंथ आहे: वाचा आणि स्वतः बांधा. यातलं काहीही 'वरचं' नाही. स्टीम डेक हे खेळांचं यंत्र आतून आर्चवर चालतं आणि ते हातात घेणाऱ्या पोरांना याचा पत्ताही नसतो. आर्च अवघड आहे की नाही, हे ते कुणाच्या माथी आहे यावर ठरतं. इथे ते एका कंपनीच्या माथी आहे.

कुणी टाकू नये

लिनक्सवरचे लेख हा भाग टाळतात, म्हणून जरा स्पष्ट.

छापखान्याशी संबंधित डीटीपीवाल्यानं टाकू नये. मराठी छपाईचं मोठं काम अजून श्रीलिपी, आयएसएम आणि जुन्या अयुनिकोड फाँटांवर, पेजमेकर किंवा इनडिझाइनमध्ये चालतं, आणि ही सगळी विंडोजची माणसं. टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्या कर सल्लागारानं, ऑटोकॅडवर पोट असणाऱ्यानं टाकू नये. एक्सेलमध्ये मॅक्रोंचा डोलारा उभा केलेल्यानंही आधी लिबरऑफिसमध्ये तीच फाइल उघडून पाहावी. डिजिटल सहीचं टोकन वापरणाऱ्यानं त्याचा ड्रायव्हर लिनक्ससाठी मिळतो का, ते आधी बघावं. प्रिंटरही तपासून घ्यावा: एचपीच्या बहुतेक प्रिंटरांना कंपनीनंच लिनक्ससाठी सॉफ्टवेअर दिलेलं आहे; पण आपल्या कचेऱ्यांत सर्रास दिसणारे काही जुने लेझर प्रिंटर लिनक्सला दाद देत नाहीत.

युनिकोड मराठीची मात्र काळजी नको. इनस्क्रिप्ट आणि उच्चारानुसारी असे दोन्ही कळफलक सगळ्या प्रमुख डिस्ट्रोंत मिळतात. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी जोडली की झालं. लोहित हे देवनागरी फाँट पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकनं रेड हॅटसाठी घडवले आणि ते मुक्त परवान्यानं सर्वांना मिळाले. श्रीलिपी तयार करणारी कंपनी हीच.

टाकण्याआधी

बहुतेक डिस्ट्रो पेनड्राइव्हवरून, काहीही न पुसता, चालवून पाहता येतात. वायफाय लागतं का, आवाज येतो का, कॅमेरा, ब्लूटूथ, झाकण मिटल्यावर झोपून उठतं का, प्रिंट निघते का, हे तिथेच तपासावं. फाइल अधिकृत ठिकाणाहूनच घ्यावी आणि तिची बेरीज-खूण, म्हणजे चेकसम, ताडून पाहावी. २० फेब्रुवारी २०१६ ला मिंटच्याच संकेतस्थळात घुसून कुणीतरी डाउनलोडचा दुवा बदलला होता. अशी भेसळ ओळखण्यासाठीच चेकसम ताडायचा असतो. विंडोज सोबत ठेवायचं असेल, तर बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाची, किल्ली आधी लिहून घ्यावी, नाहीतर स्वतःच्याच फाइलींना पारखं व्हायची वेळ येते. आणि फोटो बाहेरच्या डिस्कवर उतरवल्याशिवाय 'इन्स्टॉल'वर क्लिक करू नये.

मग निवड उरते ती अशी. घरातल्या ज्येष्ठांना मिंट. कुणीच सांभाळणारं नसेल, तर सिल्व्हरब्लू. शिकणाऱ्याला फेडोरा किंवा डेबियन, सर्व्हरला डेबियन, आल्मा वा रॉकी, कराराची हमी हवी तिथे रेड हॅट. हौस आणि मोकळे रविवार असणाऱ्याला आर्च. टोरवाल्ड्सइतकं कळत असेल आणि त्याच्याइतकंच काम पडलं असेल, तर पुन्हा फेडोरा. दुसऱ्याच्या मशीनवर टाकत असाल, तर स्वतःला आवडते ती नको. रात्री साडेदहाला "अरे, प्रिंटच निघत नाहीये" असा फोन आल्यावर ज्या डिस्ट्रोबद्दल तुम्ही डोळे मिटून उत्तर देऊ शकता, ती टाका. आणि तो फोन दुसऱ्याच कुणाला जाणार असेल, तर टाकण्याआधी त्याला विचारा.